ब्रेन की एमजी ४२? सुरुवात इथून कर

दुसऱ्या महायुद्धातल्या शस्त्रांचा अभ्यास कुठून सुरू करू, असं तू विचारलंस. रणगाड्यांच्या चिलखताची जाडी पाठ करत बसू नकोस. इटलीची आघाडी घे आणि दोन मशीनगन शेजारी-शेजारी ठेव: ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या आपल्या भारतीय जवानांची ब्रेन आणि जर्मनांची एमजी ४२.

कागदावर जर्मन गन भारीच. मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्या, ब्रेनच्या जेमतेम ५००. पण ब्रेनचं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, नीट बघ. ब्रेनच्या .३०३ इंची काडतुसाला बुडाशी कड असते, म्हणून मॅगझिन वाकडं. आणि ते वरून बसतं, म्हणून गनर जमिनीला चिकटून पडलेला असला तरी शेजारचा जवान ते झटकन बदलतो. एमजी ४२ ची नळी लवकर तापते. ती काही सेकंदांत बदलता येते खरी, पण जादा नळ्या आणि गोळ्यांचे पट्टे वाहायला माणसं लागतात. त्यामुळे वेगाचा आकडा एकटा वाचू नकोस, गोळ्या कोण वाहतंय तेही बघ.

मग ९ एप्रिल १९४५ कडे ये. सेनिओ नदीकाठी मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी आधी जखमी साथीदारांना बाहेर काढलं, मग टॉमीगन (हातात धरून चालवायची छोटी मशीनगन) घेऊन शत्रूचं एक मशीनगन ठाणं गप्प केलं. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून हातबॉम्बनी आणखी दोन ठाणी उडवली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. हा प्रसंग सेनिओच्या पूरबांधाचा नकाशा समोर ठेवूनच वाच.