तारा कोसळतो, मग फुटतो कसा?

तारा स्वतःच्याच भाराने आत कोसळतो म्हणता, मग स्फोट बाहेर कसा? (कोपरीहून एक वाचक)

सूर्याच्या आठपटीहून जड ताऱ्याच्या गाभ्यात शेवटी लोखंड साचतं. लोखंडाच्या केंद्रकांच्या मीलनातून ऊर्जा निघत नाही, उलट खर्ची पडते. गाभ्याचं वस्तुमान सूर्याच्या साधारण १.४ पट झालं की इलेक्ट्रॉनांच्या दाबाला तो पेलवत नाही. (या मर्यादेचं गणित खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० साली मुंबईहून विलायतेला निघालेल्या बोटीवर मांडायला घेतलं होतं.) दहीहंडीत तळाचा थर बसला की काय होतं, ते ठाणेकरांना सांगायला नको. इथे तळ बसतो तो सेकंदाच्या आत! काही हजार किलोमीटरचा गाभा काही दशक किलोमीटरवर येतो. घनता अणुकेंद्राइतकी झाली की तो आणखी दबत नाही. वरून पडणारं द्रव्य त्यावर आदळतं आणि आघातलाट उसळते.

पुष्कळ लेख इथेच थांबतात: आदळलं, उसळलं, फुटलं. मला ते पटत नाही. ही लाट लोखंडाची केंद्रकं फोडता फोडता दमते आणि शे-दीडशे किलोमीटरवर अडते. तिला पुन्हा रेटा देतात ते न्यूट्रिनो, म्हणजे द्रव्यातून सहसा आरपार निघून जाणारे अतिसूक्ष्म कण. कोसळण्यातून सुटलेली जवळपास ९९ टक्के ऊर्जा तेच घेऊन जातात. त्यातला थोडासा वाटा लाटेमागच्या द्रव्यात अडकला तरी तारा उडतो. आपण पाहतो तो डोळे दिपवणारा उजेड म्हणजे नुसती चिल्लर.

न्यूट्रिनो खरंच कुणी पकडलेत? (ऐरोली)

हो. २३ फेब्रुवारी १९८७ ला जपान, अमेरिका आणि रशियातल्या भूमिगत उपकरणांत मिळून दोनेक डझन. फुटलेला तारा मोठा मॅजेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेतला, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरचा. उजेड दिसला तो काही तासांनी, कारण आघातलाटेला पृष्ठभागापर्यंत यायला वेळ लागतो.

मागे उरतं काय? (नेरूळ)

बहुधा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मुख्यतः न्यूट्रॉनांचा बनलेला घट्ट गाभा. त्याची एक कड ठाणे स्टेशनवर ठेवली तर दुसरी बेलापूरला टेकेल, आणि वस्तुमान मात्र सूर्याहून जास्त. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या स्फोटाचा अवशेष म्हणजे क्रॅब तेजोमेघ. त्यातला न्यूट्रॉन तारा आजही सेकंदाला ३० गिरक्या घेतो. नारायणगावजवळच्या खोडदची महादुर्बीण असल्या स्पंदकांचा (गिरक्या घेताना रेडिओ लहरींचे ठोके देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांचा) अभ्यास करते. स्फोट फसला किंवा बरंच द्रव्य परत आत पडलं, तर कृष्णविवर होतं. 'अमुक वजनापुढे कृष्णविवरच' असा सरळ हिशेब मात्र करू नका.

सूर्याचं असंच होणार? (कळवा)

नाही. तेवढा जड नाही. त्याचा श्वेत बटू, म्हणजे हळूहळू निवत जाणारा लहानसा घट्ट तारा होईल.

मृग नक्षत्रातला काक्षी तारा फुटला तर घोडबंदर रोडवरून दिसेल का? धोका? (कासारवडवली)

दिवसाउजेडी दिसेल. धोका नाही, तो पाचशेहून जास्त प्रकाशवर्षं दूर आहे. २०१९-२० मध्ये तो मंदावला तेव्हा बऱ्याच जणांनी 'आता फुटणार' म्हणायची घाई केली; ती धूळ होती. फुटायला हजारो वर्षंही लागतील. तोवर थंडीत संध्याकाळी पूर्वेला बघा: मृगाच्या चार पायांपैकी तांबूस दिसतो, तो काक्षी. टॉवरांच्या झगमगाटातही सापडतो.