‘खाजगी कायदा’ म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: मुंबई इलाख्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या कायद्यांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणताना ‘प्रायव्हेट ॲक्ट’, ‘लोकल ॲक्ट’ आणि ‘लोकल गव्हर्नमेंट’ हे शब्द आले. अनुवादक बाईंनी ‘खाजगी कायदा’, ‘स्थानिक कायदा’, ‘स्थानिक सरकार’ असे लिहिले. तपासणाऱ्याने पहिल्या शब्दावर फुली मारली आणि समासात लिहिले, ‘कायदा सरकार करते, तो खाजगी कसा?’ यात बरोबर कोण?

तपासणाऱ्यांची शंका रास्त आहे. पण मला खरा धोका त्यांनी सोडून दिलेल्या दोन शब्दांत दिसतो. तरी आधी ‘खाजगी’च पाहू, कारण त्याची गोष्ट सुंदर आहे.

‘खाजगी’ किंवा ‘खासगी’ हा शब्द ‘खास’वरून आला. खास मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे रुळलेला. त्याचा जुना जोडीदार ‘आम’. दिवाण-इ-आम आणि दिवाण-इ-खास आठवा. म्हणजे मुळात खासच्या विरुद्ध सरकारी नव्हते, विरुद्ध होते सर्वांचे. उलट मराठेशाहीत खासगी ही राज्यकर्त्याच्या घरचीच बाब. होळकरांकडे दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. अहिल्याबाईंची घाट-मंदिरांची कामे सांगताना या खासगीच्या उत्पन्नाचा उल्लेख येतोच. पुण्यातले खासगीवाले हे आडनावही याच कारभारातले.

या जुन्या अर्थाने पाहिले तर ‘प्रायव्हेट ॲक्ट’ला ‘खासगी कायदा’ अगदी चपखल बसतो. सर्वांना लागू तो आम, एकाला किंवा एका घराण्याला लागू तो खास. लॅटिनमध्येही एका व्यक्तीसाठी केलेल्या कायद्याला ‘प्रिव्हिलेजियम’ असे नाव होते आणि त्यातूनच आजचा ‘प्रिव्हिलेज’ आला.

अडचण आजच्या कानाची आहे. आज खाजगी म्हटले की समोर सरकारी उभे राहते: खाजगी शाळा, खाजगी दवाखाना, खाजगी नोकरी. त्यामुळे ‘खाजगी कायदा’ वाचणाऱ्याला तो कुणीतरी घरी बसून केला असे वाटते. त्यात वर्तमानपत्रे आमदार-खासदारांनी स्वतः मांडलेल्या विधेयकाला ‘खासगी विधेयक’ म्हणतात. ती गोष्ट निराळीच. तिथे मांडणारा मंत्री नसतो एवढेच, कायदा सर्वांसाठीच असतो. विधिमंडळाच्या मराठीत त्याला ‘अशासकीय विधेयक’ म्हणतात, ते नेमके आहे.

एक उदाहरण जवळून पाहा. जमशेटजी जिजीभाईंना १८५७ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. हा वंशपरंपरेचा किताब, थोरल्या मुलाकडे जाणारा. किताबाबरोबर तो शोभेल अशी मिळकतही त्याच एका वारसाकडे अखंड राहायला हवी होती, आणि नेहमीच्या वारसाहक्काने तिच्या वाटण्या झाल्या असत्या. म्हणून १८६० चा विसावा कायदा झाला, एकट्या या घराण्यासाठी. त्याने मिळकत किताबाला बांधून दिली. शिवाय अट अशी, की गादीवर येणाऱ्याने स्वतःचे नाव सोडून ‘जमशेटजी जिजीभाई’ हेच नाव घ्यायचे. थोरले चिरंजीव कर्सेटजी हे त्यामुळे दुसरे सर जमशेटजी जिजीभाई झाले, त्यांच्यानंतर माणेकजी तिसरे. इतिहासात तारखा जुळवताना एकच माणूस सत्तर वर्षे दानधर्म करताना दिसला तर गोंधळू नये, ती पिढ्यान्‌पिढ्यांची माणसे आहेत. पुढे १८९३ मध्ये दिनशा माणेकजी पेटिटांच्या घराण्यासाठी असाच कायदा झाला.

जिजीभाईंचे घर मुंबईत, मिळकत मुंबईत, पण कायदा झाला कलकत्त्याला, हिंदुस्थान सरकारच्या तेव्हाच्या राजधानीत. कारण १८३३ च्या सनदी कायद्याने मुंबई सरकारचा कायदे करण्याचा अधिकार काढून घेतला होता. तो १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने परत मिळाला आणि १८६२ पासून मुंबईच्या कौन्सिलात पुन्हा कायदे होऊ लागले.

आता ‘लोकल’. त्या काळच्या कागदांत ‘लोकल गव्हर्नमेंट’ म्हणजे नगरपालिका नव्हे, लोकल बोर्डही नव्हे. ते इलाख्याचे सरकार, म्हणजे गव्हर्नर आणि त्याचे कौन्सिल. कलकत्त्याच्या नजरेने मुंबई ‘लोकल’ होती. ‘स्थानिक सरकार’ लिहिले की आजचा वाचक ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ समजतो आणि सगळा लेख वाकड्या वाटेने वाचतो. येथे निःसंकोच ‘मुंबई सरकार’ किंवा ‘इलाख्याचे सरकार’ लिहावे.

‘लोकल ॲक्ट’मध्ये तर दोन अर्थ मिसळतात: कायदा कोणी केला, आणि तो कुठे लागू. रत्नागिरी जिल्ह्याचा खोतीचा कायदा हा मुंबईचा १८८० चा पहिला कायदा. केलाही इलाख्याने आणि लागूही एका जिल्ह्यात. पण त्याच्या आदल्याच वर्षीचा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट, म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा, पाहा. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि खतावण्या जाळल्या, ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्यातून हा कायदा आला. रोख्यावर लिहिलेला आकडा तसाच खरा न मानता कर्जाची मुळापासूनची हकीकत तपासायला त्याने कोर्टांना लावले. त्याची बहुतेक कलमे पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांना लागू होती, आणि कायदा मात्र केला होता गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलाने. हा ‘स्थानिक’ म्हणायचा की नाही? एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणूनच तो शब्द मला नको वाटतो.

आपल्याकडे यासाठी फार चांगला प्रत्यय आहे: ‘-पुरता’. घराण्यापुरता कायदा, इलाख्यापुरता कायदा, चार जिल्ह्यांपुरता कायदा. कोणाला आणि कुठवर लागू, हे तो शब्दातच सांगतो, तळटीप लागत नाही. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये सोलापूरच्या ‘जुन्या मिल’साठी संसदेने वेगळा कायदा केला. त्याविरुद्धचा पहिला दावा सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने फेटाळला. तोही सहज ‘एका गिरणीपुरता कायदा’ होतो. पारिभाषिक शब्दच हवा असेल तिथे ‘व्यक्तिविशिष्ट कायदा’ चालेल, पण तो कंपनीला लावताना जरा ओढूनताणून वाटतो.

तेव्हा बाईंनी ‘जिजीभाई घराण्यापुरता १८६० चा कायदा’ असे लिहावे. आणि मूळ कागदात ‘खासगी’ हाच शब्द असेल तर तो तसाच ठेवून पहिल्या ठिकाणी ‘म्हणजे एकाच व्यक्तीला किंवा घराण्याला लागू असलेला’ एवढे जोडावे.