जुनी पोर्ट्रेट्स बघून त्या काळच्या समाजाबद्दल खरंच काही कळतं का? बडोद्याला चाललोय, राजा रविवर्म्यांची चित्रं बघताना नेमकं काय बघू?

तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय, "पोर्ट्रेट म्हणजे त्या काळचा फोटो, जसं होतं तसं." ते वाचलं आणि निवडत होते ती मेथी तशीच टाकून लिहायला बसले. माझे वडील बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका फोटो स्टुडिओत ३१ वर्षं फिनिशिंगचं काम करत होते. फोटोत जसं होतं तसं असतं, असं आमच्या घरी कुणी म्हणालं असतं तर बाबांच्या हातातला चहा सांडला असता.

आधी तुमच्या रविवर्म्यांचं उरकते. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातच महाराजा फतेसिंह संग्रहालय आहे, तिथे ही चित्रं एकत्र बघायला मिळतात. जाताना दोन-तीन सालं डोक्यात ठेवून जा. १८७५ साली इंग्रजांनी बडोद्याच्या मल्हारराव महाराजांना गादीवरून काढलं (दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, फेअर याच्या सरबतात विष घातल्याचं प्रकरण) आणि नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ आधीच्या महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक आला. तेच सयाजीराव. १८८१ च्या डिसेंबरात त्यांच्या हाती कारभार आला, आणि त्याच सुमारास रविवर्मा बडोद्याला आले. बडोद्याचे दिवाण टी. माधवराव आधी रविवर्म्यांच्या त्रावणकोरला दिवाण होते, ती ओळख कामी आली. आता त्या वेळचं महाराजांचं चित्र बघा. शिरपेच, मोती, तलवार, कुठे म्हणून जागा मोकळी नाही. सहा वर्षांपूर्वी खेड्यात वाढणारा मुलगा हाच आता राजा, हे बघणाऱ्याला पटायला हवं होतं. इंग्रजाला, सरदारांना, आणि माझं विचाराल तर खुद्द त्या अठरा वर्षांच्या मुलालाही. मला ते चित्र नेमणुकीच्या हुकमासारखं वाटतं, फक्त तेलरंगात.

आणि हेच सयाजीराव १९११ च्या दिल्ली दरबारात जवळजवळ बिनदागिन्यांचे गेले, पंचम जॉर्जपुढे जेमतेम मान लववून पाठ फिरवली, आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी आकांडतांडव केलं. म्हणजे अंगावरचं सोनं बोलतं, आणि सोनं काढून ठेवलं तर ते जास्तच बोलतं. म्हणून चित्र बघताना चेहऱ्याकडे मागाहून बघा, आधी सोनं बघा.

आता बाबांचं काम सांगते, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

निगेटिव्हवर आधी मीडियम चोळायचं, म्हणजे पेन्सिल धरते. लाकडी डेस्क, मधे दुधी काच, खालून उजेड. पेन्सिलीचं टोक सँडपेपरवर घासून सुईसारखं लांब केलेलं. सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक रेघ दिसते. तिच्यात शिसं भरलं की प्रिंटवर ती उजळते आणि जाते. यातली खोच बाबांनी मला लहानपणीच सांगितली होती: पेन्सिलीनं माणूस फक्त उजळ करता येतो. सावळा करायचा तर निगेटिव्ह पात्यानं खरवडावी लागते, आणि हात जरा घसरला की निगेटिव्ह गेली. पण ती वेळच यायची नाही. "जरा सावळं करा" म्हणून ३१ वर्षांत एक गिऱ्हाईक आलं नाही, असं ते सांगायचे. "जरा साफ करा" म्हणून रोज दहा यायचे. मुलीचा दाखवायचा फोटो असेल तर आई स्वतः काउंटरवर कोपर टेकून उभी राहायची.

मग ब्रोमाइड कागदावर एन्लार्जमेंट, आणि त्यावर रंग. सोन्याचं तंत्र ठरलेलं: पिवळा, कडेला तपकिरी सावली, आणि शेवटी शून्य नंबरच्या ब्रशनं पांढरा टिपका. टिपका बसला की पितळेचंही सोनं होतं. ठुशीचे मणी बाबा न मोजता काढायचे. स्टुडिओत खुंटीवर एक कोट असायचा, सगळ्यांना होणारा, पाठीमागून टाचण्या लावून. एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ होतं. रावपुऱ्यातल्या, वाडीतल्या निम्म्या घरांच्या भिंतींवर आजही आजोबांच्या मनगटावर ते एकच घड्याळ असेल, आणि वेळही एकच.

आता मुद्द्याचं.

१९७८ मध्ये आजी गेली. मी अकरा वर्षांची. तेराव्याला हार घालायला फोटो पाहिजे, आणि आजीचा एकटीचा फोटोच नव्हता. ज्या घरातला माणूस रोज लोकांचे फोटो रंगवायचा त्या घरात! होता तो एकच, १९६१ सालचा, आत्याच्या लग्नातला ग्रुप. त्यात आजी मागच्या ओळीत, डोक्यावरून पदर, अर्धी कुणाच्या तरी खांद्याआड. आजोबा १९४४ मध्येच गेलेले. विधवेनं लग्नाच्या फोटोत कुठे उभं राहायचं हे काही लिहिलेलं नसायचं, पण बायका आपोआप मागे जायच्या. तुमच्या घरी असा ग्रुप फोटो असेल तर काढून बघा.

बाबांनी तो चेहरा तेवढा कॉपी करून १२ बाय १५ चा केला. खांद्यामुळे झाकलेला गाल नि कान मनानं काढायचा होता. रात्री स्वयंपाकघरात फरशीवर बोर्ड ठेवून बसले, मी ब्रश धुवायला. तेवढ्यात थोरले काका आले, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांच्याकडे यादी होती. कागदावर लिहिलेली, मी बघितलीय. नथ, ठुशी, कुड्या, पाटल्या, हिरवा शालू, कपाळाला मोठं कुंकू. आणि शेवटी: गोंदण नको.

आजीच्या कपाळावर मधोमध हिरवट टिपका आणि हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले होते. ते अण्णांना खेडवळ वाटायचं. कुंकवाबद्दल त्यांचं म्हणणं असं की ती आता आजोबांकडेच गेली ना, मग सवाष्णच झाली. हे ऐकायला बरं वाटतं, पण खरी गोष्ट मी सांगते. आमचे आजोबा सरकारी पागेत मोतद्दार होते. घोड्यांना खरारा करायचा, दाणा घालायचा. अण्णा लोकांना सांगायचे, आमचं घराणं शिलेदारांचं. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा असलेला. आमच्या आजोबांचा स्वतःचा खराराही नसावा. पण शिलेदाराची बायको म्हणवायची तर तिच्या गळ्यात काहीतरी पाहिजे, कपाळावर गोंदण चालणार नाही.

बाबा म्हणाले, "अण्णा, आईच्या अंगावर सोनं तू कधी पाहिलंस?"

"लोकांच्या आयांना घालतोस ते?"

"त्यांच्या आया मी पाहिलेल्या नसतात."

मग बराच वेळ दोघं काही बोलले नाहीत. बाबांनी आजीला जशी होती तशी काढली. पांढरट लुगडं, मोकळं कपाळ, गळ्यात काही नाही. गोंदणाचे चारही ठिपके काढले, तेही सगळ्यात शेवटी आणि सोन्याला वापरायचे त्याच शून्य नंबरच्या ब्रशनं. तेराव्याला तोच फोटो लागला. अण्णांनी हार घातला आणि महिन्याभरात दुसऱ्या एका स्टुडिओतून यादीबरहुकूम स्वतःचा फोटो करून घेतला. आजी त्यात गोरी आहे, नथ आहे, पाटल्या आहेत (बस्ट फोटोत पाटल्या दिसाव्यात म्हणून हात मुद्दाम छातीशी आणलाय, आणि तो हात आजीचा नाहीच), गोंदण कुंकवाखाली गेलंय. अण्णांच्या दिवाणखान्यात हे चित्र दाराच्या समोर होतं. त्यावरून दोन भाऊ सहा वर्षं नीट बोलले नाहीत.

तर समाज कुठे दिसतो विचारत होतात. माझ्या मते अण्णांच्या चित्रात जास्त दिसतो. बाबांच्या चित्रात आजी दिसते. अण्णांच्या चित्रात १९७८ सालचं बडोदं आहे: संस्थान जाऊन तीस वर्षं झाली, तरी गायकवाडांच्या चाकरीत आपण कुठल्या पायरीवर होतो याची लाज धरून बसलेली मराठी माणसं. राजवाड्यातलं चित्र आणि अण्णांचं चित्र यांत रविवर्म्यांचा हात सोडला तर मला फार फरक दिसत नाही. दोन्हीकडे यादी आहे. महाराजांची यादी खरी होती, दागिने तोशाखान्यात होते, एवढंच.

आणि ही यादी आमच्यापर्यंत पोचली कशी, तेही रविवर्म्यांकडूनच. सयाजीरावांनी १८८८ मध्ये त्यांना १४ पौराणिक चित्रं सांगितली, १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला, आणि मग लक्ष्मी-सरस्वती ओलिओग्राफ, म्हणजे तेलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं, होऊन घराघरांत लागल्या. आमच्याही देवघराजवळ एक होती. बायको, आई, देवी कशी दिसायला हवी याचा नमुना त्या भिंतीवरच होता. अण्णांना वेगळं काही सुचणार कुठून?

गेल्या दिवाळीत अण्णांच्या मुलानं, म्हणजे माझ्या चुलतभावानं, तो फोटो कुठल्याशा अ‍ॅपमध्ये टाकला. आजी अजून गोरी झाली आणि मान हलवून हसायला लागली. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चाळीस जणांनी हात जोडले. मी लिहिलं, ही बाई कोण आहे? तर मलाच सगळ्यांनी सुनावलं की तू सणासुदीला विरजण घालतेस. मी ग्रुप सोडला. म्हणून तुम्हाला आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते, घरातलं जुनं चित्र अ‍ॅपला देऊ नका. धूळ मऊ ब्रशनं झटका, भिंत ओली असेल तर जागा बदला, बाकी हात लावू नका. गोंदण, देवीचे व्रण, फाटका पदर, काय असेल ते राहू द्या. आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं खरं नाव आणि खरा धंदा लिहून ठेवा.

बडोद्यात वेळ असेल तर रावपुऱ्यातला तांबेकर वाडाही बघा. दिवाणांचा वाडा, भिंती चित्रांनी भरलेल्या, साहेब, सरदार, बायका, लढाया सगळं एका जागी. राजवाड्यापेक्षा मला तो आवडतो. आणि चित्रकार भूपेन खख्खर यांचं काम जिथे मिळेल तिथे बघा. हा माणूस बडोद्यात हिशेबनिसाची नोकरी करत १९७० नंतर घड्याळजी, शिंपी, न्हावी रंगवत होता, त्यांच्या त्यांच्या दुकानात बसलेले. 'जनता वॉच रिपेअरिंग' १९७२ चं आहे. बाबांना ते अजिबात आवडलं नाही. "बोटं बघ कशी काढलीत," म्हणाले. पण नंतर म्हणाले, "कोट नाही घातला त्याला, एवढं चांगलं केलं."

एक राहिलं. मी कलेचा इतिहास शिकलेली नाही, बँकेत जन्म गेला, त्यामुळे वरचं सगळं त्या हिशेबानं घ्या. आणि दुसरं म्हणजे, ही गोष्ट मी अशीच सांगत आलेय, पण आत्या म्हणते तुला अर्धीच आठवते. तिचं म्हणणं, आजीच्या पाटल्या होत्या. १९४९ मध्ये अण्णांच्या कॉलेजच्या फीसाठी सराफाकडे गेल्या आणि परत आल्या नाहीत. त्या रात्री आत्याही स्वयंपाकघरात होती. बाबांनी सोन्याचं विचारलं तेव्हा अण्णा आधी म्हणाले होते, "नाही पाहिलं, म्हणूनच काढ म्हणतोय." मला हे वाक्य आठवत नाही. बाबांनी ते ऐकलं का, हे विचारायला बाबा नाहीत, अण्णाही नाहीत.

तरी गोंदण पुसायचं काही कारण नव्हतं. बाबांनी काढलेलं चित्र माझ्याकडे आहे, उत्तरेच्या भिंतीवर, ऊन लागत नाही तिथे. चुलतभाऊ हे वाचत असेल तर त्यानं येऊन बघावं, जेवूनच जावं. फोटो मागू नये, मी पाठवणार नाही.