टायपिंगच्या लकबीवरून ऑपरेटर ओळखता येईल का?

भाऊ, आपल्या सेवा केंद्रात मुख्य ऑपरेटरच्या लॉगिनवर दुसराच मुलगा बसून दाखल्यांचे अर्ज भरतो, आणि हे टायपिंगच्या लकबीवरून संगणकाला ओळखता येईल का, असे आपण विचारले आहे. ओळखता येईल, परंतु तेवढ्यावर कोणाचे लॉगिन बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पद्धतीत कळ किती वेळ दाबलेली राहते आणि एक कळ सोडल्यापासून दुसरी दाबेपर्यंत किती वेळ जातो, हे मिलिसेकंदांत मोजून त्या व्यक्तीच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहतात. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 2009 मधील अभ्यासात 51 जणांनी एकच पासवर्ड प्रत्येकी 400 वेळा टाइप केला होता, आणि सर्वांत चांगल्या पद्धतीचाही समान त्रुटी दर सुमारे 9.6 टक्के होता. म्हणजे शंभरातून नऊ-दहा वेळा खरा माणूस नाकारला जातो आणि तितक्याच वेळा तोतया आत शिरतो.

मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘शेतकरी’ लिहिताना रेमिंग्टन या कीबोर्ड-मांडणीवर ‘श’साठी अर्धा श आणि काना अशा दोन कळा लागतात, तर इनस्क्रिप्ट या दुसऱ्या मांडणीवर शिफ्टसह एकच, त्यामुळे प्रत्येक मांडणीची नोंद वेगळी ठेवावी लागते. कीबोर्ड बदलला तरी लय बदलते.

आमच्या यवतमाळकडील केंद्रात मी हा प्रयोग केला, तेव्हा दिवाळीनंतरच्या एका सोमवारी आमच्याच ताईंना प्रणालीने परके ठरवले. आदल्या दिवशी त्या घरच्या वावरात कापूस वेचायला गेल्या होत्या, आणि पऱ्हाटीच्या वाळलेल्या बोंडांनी त्यांच्या बोटांची टोके सोलली होती. त्या दिवशी अंगठ्याचे यंत्रही त्यांचा ठसा घेईना. चार वर्षे प्रामाणिकपणे काम करणाऱ्या बाईला रांगेतल्या लोकांसमोर ताटकळत उभे राहावे लागले, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून लय जुळली नाही, तर फक्त ओटीपी पुन्हा मागावा आणि नोंद आपल्याकडे यावी, एवढेच ठेवा. पहिले दोन-तीन आठवडे नुसत्या नोंदी घ्या. कोणती अक्षरे टाइप झाली ते मुळीच साठवू नका, कारण अर्जांत लोकांचे आधार क्रमांक असतात. आणि मोजणी सुरू करण्याआधी ऑपरेटरला समोर बसवून सांगा व त्याची लेखी संमती घ्या.