रियाधच्या बोलावण्याबद्दल

सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपच्या, म्हणजे व्हिडिओ गेमच्या जागतिक स्पर्धेच्या, कॉमेंट्रीसाठी सौदीच्या रियाधहून बोलावणं आलंय, घरात पेढे वाटून झालेत आणि तुला मात्र झोप नाही. तू विचारलंस म्हणून स्पष्ट सांगतो, मी असतो तर गेलो नसतो.

बोलावणं लहान नाही, हे मला कळतं. 2024 मध्ये पहिल्याच वर्षी तिथे 6 कोटी डॉलरच्या वर बक्षिसं होती. 2025 ला बुद्धिबळही तिथे गेलं, आपला अर्जुन एरिगैसी चौथा आला. त्याला किंवा कुठल्याही खेळाडूला मी बोल लावणार नाही. खेळाडूची उमेदीची वर्षं मोजकी असतात, आणि तो तिथे जाऊन खेळतो. तू बोलणार आहेस. यजमानाला तुझ्याकडून हवा आहे तो तुझा आवाज. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत रोषणाई दाखवतील, तेव्हा 'काय सुंदर शहर आहे!' हे तुझ्याच तोंडून वदवून घेतील.

त्याच शहराची दुसरी बाजू तुला ठाऊक हवी. लुजैन अल-हथलूलने बायकांना गाडी चालवू द्या म्हणून आवाज उठवला. बंदी जून 2018 मध्ये उठली आणि तिला अटक झाली त्याच्या महिनाभर आधी, मे महिन्यात. सुटली फेब्रुवारी 2021 मध्ये. तुरुंगात छळ झाल्याचं तिच्या घरच्यांनी सांगितलं, सरकारने ते नाकारलं. मार्च 2022 मध्ये तर तिथे एका दिवसात 81 जणांना देहदंड दिला गेला.

यातून सुटका सोपी नाही, हेही सांगतो. सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीच्या सॅव्ही कंपनीने 2022 मध्ये ईएसएल आणि फेसइट या ई-स्पोर्ट्सच्या स्पर्धा भरवणाऱ्या कंपन्या दीड अब्ज डॉलरला घेतल्या. म्हणजे रियाधला नाही म्हटलंस तरी युरोपातल्या एखाद्या स्पर्धेत तोच पैसा समोर येईल. म्हणून सगळंच झिडकार असं मी म्हणत नाही. निदान कौतुकाचे शब्द विकू नकोस.

आणि एकटीने लढू नकोस गं. जुलै 2020 मध्ये लीग ऑफ लेजंड्स या गेमच्या युरोपियन लीगने निओमशी, म्हणजे सौदीतल्या नव्या शहराच्या प्रकल्पाशी, करार जाहीर केला. त्या निओमसाठी हुवैतात जमातीला जमिनीवरून उठवत होते. घर सोडायला नकार देणारे अब्दुल रहीम अल-हुवैती एप्रिलमध्येच सुरक्षा दलांच्या गोळीने गेले होते. तेव्हा लीगचे स्वतःचे कॉमेंटेटर उघडपणे विरोधात बोलले, नोकरीत असताना, एका सुरात. एका दिवसात करार रद्द झाला. मे 2025 मध्ये जिओगेसर या जागा ओळखायच्या गेमचे नकाशे बनवणाऱ्यांनी, म्हणजे हौशी माणसांनी, आपले नकाशे बंद ठेवले आणि कंपनीने रियाधच्या स्पर्धेतून माघार घेतली. तुझ्याबरोबर आणखी कुणाला बोलावलंय, ते आधी शोध. त्यांच्याशी फोनवर बोल, चॅटवर नको.

करारात 'यजमान देशाच्या प्रतिमेला बाधा येईल असं विधान करणार नाही' अशा अर्थाचं कलम आहे का, ते बघ. बहुधा शेवटच्या पानांत, बारीक अक्षरात असतं. किती महिने लागू आहे तेही पाहा. स्पर्धा संपल्यावरही ते तुझं तोंड बांधून ठेवू शकतं. मी ऐन तिशीत असं एक कलम न वाचता सही केली होती. नंतर वर्षभर एका मित्राच्या बाजूने चार शब्द बोलता आले नाहीत. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

सही करायच्या आधी ती पानं घेऊन रविवारी ये. आईलाही आण, तिचं म्हणणं मला ऐकायचंय.