वृत्तपत्रांनी वादग्रस्त राजकीय प्रश्नांवर भूमिका घ्यावी की तटस्थ राहावं?

घ्यावी. भूमिका घेतली की विश्वासार्हता जाते का, असं तुम्ही विचारलंय. माझा अनुभव नेमका उलटा आहे.

मी बरीच वर्षं एका दैनिकाच्या संपादकीय पानावर उपसंपादक होतो. आरक्षणाचा प्रश्न पेटला होता, रोज मोर्चे निघत होते. संपादकांनी त्या दिवशी अग्रलेख लिहिला. मागणी कुठे रास्त आहे, कुठे घटनेत बसत नाही, आणि सरकार दोन्ही बाजूंना वेगवेगळं काय सांगतंय, सगळं सरळ लिहिलं होतं. मी प्रूफ वाचलं, पान लावलं. पान सोडायला वीस मिनिटं उरली असताना व्यवस्थापनाचा फोन आला. वृत्तसंपादक माझ्या टेबलाशी आले, लाल पेनानं प्रूफवर वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ ओढली आणि म्हणाले, "राखीवातला काढ." राखीवातला म्हणजे कधीही चालेल असा, पाणी जपून वापरण्यावरचा. तो मीच लावला. चार ओळी कमी पडत होत्या, त्याही मीच लिहिल्या.

चार दिवसांनी एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. पेपर दोनदा उलटून पाहिला, आमच्या मुलांच्या प्रश्नावर तुम्हाला काहीच म्हणायचं नव्हतं का, एवढंच त्यात होतं. पत्रव्यवहारात ते छापलं नाही. त्याच्यापुरती आमची विश्वासार्हता गेली ती त्या कोऱ्या बोलण्यानं.

वृत्तसंपादकांशी माझा वाद पुढे कितीतरी महिने चालला. ते म्हणायचे, आपलं काम बातमी देण्याचं, मत वाचक बनवतील. मग मराठी पत्रकारिता उभी कशावर राहिली? 1891 साली संमतिवयाचा कायदा आला, मुलींचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठीचं किमान वय, 10 वरून 12 होणार होतं. टिळकांच्या 'केसरी'नं विरोध केला, आगरकरांच्या 'सुधारका'नं बाजू घेतली. आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक, पण मतं जुळेनात म्हणून बाहेर पडले आणि 1888 मध्ये स्वतःचा पेपर काढला. या प्रश्नात टिळक चुकले असंच माझं मत आहे. पण ते कुठे उभे आहेत हे वाचकाला कळत होतं, म्हणून त्यांच्याशी भांडता येत होतं. राखीवातल्या अग्रलेखाशी कोण भांडणार?

अलीकडचं पाहा. 2024 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन पोस्टनं अध्यक्षपदाच्या उमेदवाराला पाठिंबा देणारा लेख निवडणुकीच्या तोंडावर थांबवला, तो निर्णय मालकाचा होता, आणि दोन लाखांहून जास्त वाचकांनी वर्गणी बंद केली. उमेदवाराचं नाव घेऊन मत द्या म्हणणं मला स्वतःला पटत नाही. पक्ष वेगळा, प्रश्न वेगळा. पण ऐनवेळी ओढलेली रेघ वाचकाला दिसतेच.

आता हेही सांगायला हवं. भूमिका अग्रलेखातच राहिली पाहिजे. पहिल्या पानाच्या मथळ्यात ती शिरली, मोर्चाचा आकडा फक्त आयोजकांचा किंवा फक्त पोलिसांचा छापला, की मग तुमची शंका खरी ठरते. विरोधातली पत्रं त्याच आठवड्यात, न कापता छापावीत. आणि वृत्तसंपादकांच्या एका म्हणण्याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं: अग्रलेख ऑफिसात बसून लिहिला जातो, मार मोर्चात उभा असलेला वार्ताहर खातो. ते स्वतः वार्ताहर असताना मार खाऊन आले होते.

पण ते दुसरंही एक म्हणायचे, अग्रलेखानं कधी कुणाचं मत बदललंय का? याचं उत्तर तेव्हा त्यांना सांगायचं राहून गेलं. त्या मागणीला माझा साफ विरोध होता. त्या संध्याकाळी प्रूफ वाचताना तिसऱ्या परिच्छेदाशी मी थांबलो, तो परत वाचला, आणि पान लावून होईपर्यंत माझा विरोध पहिल्यासारखा राहिला नव्हता. रेघ मारलेलं ते प्रूफ अजून माझ्याकडे आहे.