ऑफिसच्या टेबलावर केळीचा घड

मागच्या अंकात चीनमधली माणसं मोबाईलवर काय बोलतात त्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, तर सावद्यापासून नंदुरबारपर्यंत एवढी पत्रं आली की म्हटलं या वेळी सगळं पान त्यालाच द्यावं. सगळी पत्रं घेता आली नाहीत, चार घेतलीत.

प्रश्न : माझा भाचा पुण्याला हिंजवडीत कंपनीत आहे, त्याने एक रील पाठवलं. चीनमधल्या ऑफिसात पोरींनी टेबलावर काचेच्या भांड्यात अख्खा हिरव्या केळीचा घड उभा करून ठेवलाय. आमची तिसरी पिढी केळीत, पण हे काय ते समजलं नाही. पूजा असते का त्यांची?
– केळी उत्पादक, सावदा

उत्तर : पूजा नाही दादा, शब्दाचा खेळ आहे, पण खेळाच्या मागे मोठं दुखणं आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चिनी भाषेत मनाला लागून राहिलेल्या काळजीला, आपण टेन्शन म्हणतो त्याला, ‘ज्याओल्यु’ म्हणतात. आणि ‘ज्याओ’ म्हणजे केळं, ‘ल्यु’ म्हणजे हिरवं. उच्चार एकच, लिहायची अक्षरं फक्त वेगळी. त्यांच्या भाषेत सारख्या आवाजाचे शब्द भरपूर, त्यामुळे असे खेळ तिथे कायम चालतात. तर २०२४ मध्ये श्याओहोंगशू नावाच्या ॲपवर, आपल्या इन्स्टासारखं आहे ते, ही टूम निघाली की दांड्यासकट हिरवा घड मागवायचा, पाण्यात ठेवायचा, वर चिठ्ठी लावायची ‘ज्याओल्यु बंद’. वाचलं तर हिरवी केळी बंद, ऐकलं तर टेन्शन बंद. मग आठवडाभर रोज बघत बसायचं की पिवळं कधी होतं, कोणी आपल्या केळ्यावर नाव लिहून ठेवतं, हे माझं म्हणून, आणि पिकलं की सगळे मिळून खायचं. टेन्शन खाऊन टाकलं.

आता ही पोरं एवढी का टेकीला आलीत? तिथल्या कंपन्यांमध्ये ‘९९६’ हा शब्द लहान पोरालाही माहीत असतो, सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस. २०१९ मध्ये प्रोग्रामर पोरांनी त्याविरुद्ध गिटहबवर, म्हणजे प्रोग्रामर आपलं काम ठेवतात त्या वेबसाईटवर, एक पान काढलं, कारण ती वेबसाईट त्यांच्या कामाची, तिला बंद करणं कंपन्यांनाच परवडत नव्हतं. त्याच वर्षी अलीबाबा या तिथल्या बड्या ऑनलाइन कंपनीचे जॅक मा म्हणाले की ९९६ करायला मिळणं हे नशीब आहे, आणि लोक भयंकर चिडले. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ९९६ बेकायदेशीर असल्याचं स्पष्ट केलं, पण ते पोरं दोन वर्षं मोबाईलवर ओरडत राहिल्यानंतर.

म्हणून मी म्हणतो चीनच्या बातम्या वाचा, पण तिथल्या पोरांनी नवीन कोणता शब्द काढला ते आधी बघा. तिथे मोर्चा काढता येत नाही, शब्द काढता येतो.

प्रश्न : मी धुळ्यात अभ्यासिकेत बसून एमपीएससी करते, तिसरा अटेम्प्ट आहे. चीनमध्ये नोकऱ्याच नोकऱ्या असतील ना? त्यांना आमच्यासारखं नसेल.
– एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : ताई, तुमच्यासाठी तर त्यांच्याकडे शब्द तयार आहे. ‘श्याओझेन झ्वोथीज्या’. म्हणजे छोट्या गावातून आलेला, पेपर सोडवण्यात पटाईत. २०२० मध्ये हा शब्द पसरला. चांगल्या कॉलेजात पोचलेली गावाकडची पोरं स्वतःलाच असं म्हणायला लागली, की आम्हाला आयुष्यात एकच गोष्ट शिकवली, प्रश्नपत्रिका सोडवायची, आणि शहरात आल्यावर कळलं की बाकीच्यांकडे ओळखी आहेत, घर आहे, बोलण्याची ऐट आहे, आणि आपल्याकडे फक्त मार्क. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला देवपूरमधल्या अभ्यासिका दिसल्या, रात्री ११ वाजता बाहेर चहावर उभी पोरं दिसली. त्यांची बारावीनंतरची गाओखाओ परीक्षा २०२४ मध्ये १ कोटी ३४ लाख पोरांनी भरली होती. म्हणजे बघा.

दुसरा शब्द ‘नेइज्युआन’, आतल्या आत गुंडाळत जाणं. सगळे जास्त मेहनत करतात पण कोणीच पुढे जात नाही, कारण जागा तेवढ्याच. तुम्ही १० तास बसता म्हणून शेजारची १२ तास बसते, मग तुम्ही १४. याला वैतागून २०२१ मध्ये ‘थांगफिंग’ आला, आडवं पडून राहणं, लग्न नको, घर नको, गाडी नको, पोटापुरतं कमवायचं. सरकारी पेपरांनी त्यावर टीका केली, आणि टीका केली म्हणजे शब्द लागला होता.

आणि २०२३ मध्ये एक जुनी गोष्ट वर आली. लू शुन या लेखकाची १९१९ मधली ‘खोंग यिजी’ नावाची कथा, त्यांच्या शाळेत सगळ्यांना असते. खोंग यिजी शिकलेला पण गरीब. दारूच्या दुकानात लांब अंगरखेवाले आत बसून पितात, मजूर उभ्याने पितात, आणि हा एकटाच असा की अंगात लांब अंगरखा आणि तरी उभा, अंगरखा काही निघत नाही त्याचा. पदवीधर पोरं लिहायला लागली की शिक्षण हा आमचा अंगरखा आहे, घालून नोकरी मिळत नाही आणि काढून कारखान्यातही जाववत नाही. सरकारी माध्यमं म्हणाली काढा मग अंगरखा. पोरांना ते फार लागलं, आणि मला वाटतं लागायलाच पाहिजे होतं, कारण तो अंगरखा शिवायला आईबापांनी काय काय विकलेलं असतं. त्याच वर्षी जूनमध्ये शहरातल्या १६ ते २४ वयाच्या पोरांची बेकारी २१.३ टक्के निघाली, आणि ऑगस्टमध्ये सरकारने तो आकडा द्यायचाच थांबवला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये परत सुरू केला तेव्हा शिकणारी पोरं मोजणीतून काढली होती.

तर नाही ताई, त्यांना तुमच्यासारखंच आहे.

प्रश्न : चीनमध्ये प्रत्येक अक्षरावर सरकारचं लक्ष असतं. जे राहतं ते सरकारला चालणारंच असणार. मग ते वाचून समाज कसा कळणार?
– निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : सर, लक्ष असतं हे शंभर टक्के खरं. फेसबुक तिथे २००९ पासून बंद, खातं उघडायला खरी ओळख लागते, आणि एप्रिल २०२२ पासून वेइबोवर, म्हणजे त्यांच्या ट्विटरवर, तुमच्या नावाखाली तुम्ही कोणत्या प्रांतातून लिहिताय तेही दिसतं. पण पाट अडवला म्हणून पाणी थांबत नाही ना, बांधातून झिरपतंच. २०१८ मध्ये छळ झालेल्या मुली ‘मी टू’ लिहायला लागल्या, ते शब्द उडायला लागले, तर त्यांनी भात आणि ससा यांची चित्रं टाकली. चिनीत भात म्हणजे ‘मी’ आणि ससा म्हणजे ‘थू’! नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनच्या पश्चिमेकडच्या उरुमची शहरात इमारतीला आग लागून १० माणसं गेली, कोविडच्या बंदीमुळे त्यांना बाहेर पडता आलं नाही असं लोकांचं म्हणणं होतं, तेव्हा लोक कोरे कागद धरून उभे राहिले. काहीच लिहिलेलं नाही, तरी सगळ्यांनी वाचलं.

आणि एक जागा तर मला सगळ्यात जवळची वाटते. वुहानचे डोळ्यांचे डॉक्टर ली वेनल्यांग. नवीन आजार आलाय असं त्यांनी आपल्या मित्रांच्या ग्रुपवर सांगितलं म्हणून जानेवारी २०२० मध्ये पोलिसांनी त्यांना बोलावून समज दिली. १ फेब्रुवारीला त्यांनी वेइबोवर लिहिलं की माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली, आणि ७ फेब्रुवारीला ते गेले, वय ३३. त्या शेवटच्या पोस्टखाली लोक लिहायला लागले आणि थांबलेच नाहीत, दहा लाखांवर कमेंट झाल्या. आणि लिहितात काय? सरकारविरुद्ध घोषणा नाहीत. ली डॉक्टर, आज माझी परीक्षा आहे. आज थंडी फार आहे. नोकरी गेली, घरी सांगितलं नाही अजून. शुभ रात्री. आपल्याकडे बाया जात्यावर बसून विठ्ठलाला घरातलं सांगायच्या तसंच हे मला वाटतं. सर, असं पान वाचून समाज कळत नाही असं मला म्हणवत नाही.

प्रश्न : आम्ही टिकटॉकवर अहिराणी व्हिडिओ करायचो, ते बंद झालं. चीनमध्ये आमच्यासारखे खेड्यातले लोक असतात का सोशल मीडियावर, आणि ते बघायचं कुठे?
– एक कलाकार, शहादा

उत्तर : असतात भो, लई असतात. क्वायशौ नावाचं ॲप आहे, २०११ मध्ये सुरू झालं, त्यावर ट्रॅक्टरवाले, गवंडी, ट्रक ड्रायव्हर, लग्नात नाचणारे, सगळे आपले वाटतात. एकमेकांना ‘लाओ थ्ये’ म्हणतात, जुनं लोखंड, म्हणजे न तुटणारा दोस्त. शहरातले लोक त्यांना ‘थू’ म्हणून हिणवतात, हा ससा नाही, याचा अर्थ माती, म्हणजे आपल्याला अहिराणी बोललं की गावठी म्हणतात ना तसं. २०२० मध्ये तिथले पंतप्रधान ली खछ्यांग बोलून गेले की ६० कोटी लोकांची कमाई महिन्याला जेमतेम १००० युआन आहे, तेव्हा शांघायच्या चकचकीत व्हिडिओंवर पोसलेले लोक हादरले. क्वायशौ बघणाऱ्यांना ते आधीच दिसत होतं.

बघायचं म्हणाल तर २९ जून २०२० ला आपल्या सरकारने ५९ ॲप बंद केली त्यात टिकटॉकबरोबर वेइबो आणि वीचॅटही होतं, त्यामुळे थेट मार्ग शोधू नका. इंग्रजी जमत असेल तर ‘व्हॉट्स ऑन वेइबो’ आणि ‘चायना डिजिटल टाइम्स’ या साइट बघा, दुसरी तर तिथून उडवलेल्या पोस्ट जपून ठेवते.

आणि सावद्याचे दादा, तो घड दांड्यासकट कापून एकदा भाच्याच्या ऑफिसला पाठवून बघा. चिठ्ठीवर मराठीत काय लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही, ज्या वाचकाला सुचेल त्याने पुढच्या अंकासाठी कळवावं.